काइफेंगचा रात्रबाजार : रस्त्यावरचे अन्न आणि शहराचा इतिहास

चीनमध्ये फिरणाऱ्या प्रवाशाला जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात रात्रबाजार आढळतो. सूर्यास्तानंतर ठरावीक रस्त्यावर किंवा चौकात हातगाड्या लागतात, शेगड्या पेटतात, आणि मध्यरात्रीपर्यंत तेथे खाणे, हिंडणे व गप्पा चालू राहतात. या बाजाराकडे केवळ चवींचे प्रदर्शन म्हणून पाहिले, तर त्याचा अर्थ अर्धाच हाती लागतो, कारण कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कोणी आणि काय विकावे हे प्रश्न चिनी शहरांत शतकानुशतके राज्यसत्तेच्या अखत्यारीत होते आणि आजही काही प्रमाणात आहेत. रात्रबाजारातील प्रत्येक पदार्थामागे भूगोल, व्यापार, स्थलांतर आणि स्वयंपाकाचे तंत्र असते. त्या बाजाराच्या अस्तित्वामागे मात्र शहराने रात्रीची वेळ सामान्य माणसाला मोकळी करून दिल्याचा इतिहास असतो. हा इतिहास सर्वांत स्पष्टपणे दिसणारे शहर म्हणजे हनान प्रांतातील काइफेंग. पिवळ्या नदीच्या दक्षिणेस वसलेले हे शहर इ.स. 960 ते 1127 या काळात सोंग राजवंशाची राजधानी होते. चिनी रात्रबाजाराचे पहिले तपशीलवार वर्णन याच शहराविषयी लिहिले गेले असल्याने प्रस्तुत प्रकरणात त्याचाच आधार घेतला आहे.

रात्र खुली कशी झाली

सोंग काळापूर्वी, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकातील तांग राजवटीत, राजधानी चांगआन (आजचे शीआन) हे जगातील सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक असले, तरी तेथील सामान्य माणसाच्या रात्रीवर कडक पहारा होता. शहराची विभागणी शंभराहून अधिक तटबंद वस्त्यांत केलेली होती, प्रत्येक वस्तीला स्वतःची वेस होती आणि संध्याकाळचा ढोल वाजल्यानंतर या वेशी बंद होत. त्यानंतर सबळ कारणाशिवाय मोठ्या रस्त्यावर आढळणाऱ्या माणसाला फटक्यांची शिक्षा होती. व्यापारालाही अशीच मर्यादा होती. पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील अशा दोन नेमून दिलेल्या बाजारांतच खरेदी-विक्री व्हावी, ढोलाच्या तीनशे ठोक्यांनी दुपारी बाजार उघडावा आणि सूर्यास्तापूर्वी घंटेच्या तीनशे ठोक्यांनी तो बंद व्हावा, असा नियम होता. तांग काळाच्या उत्तरार्धात ही शिस्त सैल होऊ लागली आणि काही शहरांत रात्रीचा व्यापार सुरूही झाला. पण कायद्याच्या दृष्टीने तो उल्लंघनच ठरत होता.

काइफेंगमध्ये परिस्थिती बदलली ती प्रथम पाण्यामुळे. हे शहर ब्येन कालव्यावर वसलेले होते आणि हा कालवा दक्षिणेकडील भातपिकाच्या प्रदेशाला उत्तरेशी जोडणाऱ्या महाकालव्याच्या जाळ्याचा भाग होता. राजधानीतील सैन्य, नोकरशाही आणि सुमारे दहा लाखांच्या घरात गेलेली लोकसंख्या यांचे पोट दक्षिणेकडून नावांनी येणाऱ्या धान्यावर अवलंबून होते. नावा सूर्याच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नसल्यामुळे हमाल, नावाडी, गोदामांचे कारकून आणि व्यापारी यांना अवेळी खाण्याची गरज पडे. शिवाय हे शहर चांगआनसारखे आधी आखून मग वसवलेले नव्हते. व्यापारी गाव वाढत जाऊन त्याची राजधानी झाली असल्याने दुकाने रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली आणि तटबंद वस्त्यांची व्यवस्था तेथे हळूहळू निकामी ठरली.

या वास्तवाला राजाज्ञेची मान्यता 965 साली मिळाली. सोंग राजवंशाचा संस्थापक सम्राट ताइझू याने त्या वर्षी राजधानीतील रात्रबाजार तिसऱ्या प्रहराच्या ढोलापर्यंत बंद करू नयेत, असा आदेश दिला. चिनी कालगणनेत रात्रीचे पाच प्रहर मानले जात आणि प्रत्येक प्रहर आजच्या सुमारे दोन तासांचा असे. भारतीय प्रहर तीन तासांचा असल्याने हा फरक लक्षात ठेवावा लागतो. त्या हिशेबाने तिसरा प्रहर रात्री अकराच्या सुमारास सुरू होई. आदेश छोटा होता, परंतु त्याने रात्रीच्या व्यापाराला गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले आणि पुढील शतकात काइफेंगचे काही रस्ते जवळजवळ अहोरात्र जागे राहू लागले.

मेंग युआनलाओने नोंदवलेला बाजार

या रस्त्यांचे वर्णन ज्या ग्रंथामुळे टिकून राहिले, त्याची पार्श्वभूमी दुःखाची आहे. मेंग युआनलाओ नावाचा गृहस्थ 1103 पासून वीस वर्षांहून अधिक काळ काइफेंगमध्ये राहिला. 1127 मध्ये उत्तरेकडील जुर्चेन लोकांनी शहर जिंकल्यानंतर त्याला दक्षिणेत आश्रय घ्यावा लागला. नव्या पिढीला जुन्या राजधानीचे वैभव कळावे, या हेतूने त्याने ‘दोंगजिंग मेंग ह्वा लू’ हा स्मरणग्रंथ लिहिला, ज्याच्या प्रस्तावनेवर 1147 हे वर्ष आहे. दोंगजिंग म्हणजे पूर्वेची राजधानी, अर्थात काइफेंग. या ग्रंथात राजसभेचे सोहळे आहेत, सणवार आहेत, पण आजच्या वाचकाला सर्वाधिक जिवंत वाटणारा भाग म्हणजे खाद्यपदार्थांच्या लांबलचक याद्या होत.

त्यांपैकी झोऊछ्याओ या पुलाच्या दक्षिणेकडील रात्रबाजाराची यादी प्रसिद्ध आहे. तेथे हंस, बदक, कोंबडी आणि ससा यांचे मांस, आतडी, फुप्फुसे, वाम मासा आणि सारण भरलेले बाओझ (कणकेचे वाफवलेले उंडे) मिळत, आणि त्यांतील अनेक पदार्थांची किंमत नगास पंधरा तांब्याच्या नाण्यांहून अधिक नसे. उन्हाळ्यात साखर घातलेले मूग, ज्येष्ठमधाचे बर्फगार पाणी आणि लिचीचा घट्ट पाक विकला जाई, तर हिवाळ्यात भाजलेले डुकराचे मांस, रानबदक आणि तव्यावर तळलेले सारणाचे पदार्थ येत. उन्हाळ्यात बर्फ मिळण्याचे कारण म्हणजे हिवाळ्यात गोठलेल्या पाण्याच्या लाद्या जमिनीखालील कोठारांत साठवून ठेवण्याची जुनी चिनी पद्धत. राजवाड्यापुरती मर्यादित असलेली ही चैन बाराव्या शतकाच्या आरंभी रस्त्यावर उतरली होती, ही गोष्ट शहराच्या समृद्धीबद्दल बरेच काही सांगते.

माहांग नावाच्या रस्त्यावर बाजार तिसऱ्या प्रहरापर्यंत चाले आणि पाचव्या प्रहराला, म्हणजे पहाटे, पुन्हा सुरू होई. कडाक्याच्या थंडीत, वादळी पावसातही तो भरे, आणि उशिरा घरी परतणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी चहा विकणारे किटली घेऊन मध्यरात्रीही फिरत असत. त्याच काळातील त्साइ थाओ या लेखकाने या रस्त्यावर इतके तेलाचे दिवे जळत की तेथे डास फिरकत नसत, असे नमूद केले आहे. या सर्व तपशिलांतून दिसते ते असे की रात्रबाजाराचे मुख्य गिऱ्हाईक शहरात राबणारा माणूस होता, ज्याच्या घरी त्या वेळी चूल पेटवणे शक्य नव्हते किंवा परवडणारे नव्हते. झांग झेदुआन या चित्रकाराच्या ‘छिंगमिंग शांग ह तू’ या पाच मीटरहून अधिक लांबीच्या पटचित्रात कालव्याकाठी खाद्यगृहे, पुलावरचे फेरीवाले आणि माल उतरवणारे हमाल एकत्र दिसतात, आणि मेंगच्या वर्णनाला त्यातून जणू दृश्य पुरावा मिळतो.

जमिनीखालचे शहर, जमिनीवरचा बाजार

आजच्या काइफेंगमध्ये सोंग काळातील रस्ता पायाखाली शोधायचा झाल्यास कित्येक मीटर खोल जावे लागते. पिवळी नदी आपल्याबरोबर प्रचंड गाळ वाहून आणते, त्यामुळे तिचे पात्र आजूबाजूच्या जमिनीहून उंच होत जाते आणि बांध फुटला की पाण्यासोबत गाळाचा जाड थर शहरावर पसरतो. 1642 मध्ये बंडखोरांच्या वेढ्याच्या काळात बांध फोडले गेले आणि शहरातील बहुसंख्य रहिवासी मृत्युमुखी पडले. अशा पुरांमुळे एकावर एक अनेक शहरांचे थर येथे साचले आहेत. झोऊछ्याओ पुलाच्या जागी 2018 पासून झालेल्या उत्खननात सोंगनंतरच्या मिंग काळातील पूल आणि सोंग काळातील कोरीव दगडी भिंती सापडल्याने मेंगने वर्णिलेल्या बाजाराचे स्थान आता प्रत्यक्ष दाखवता येते.

जमिनीवरील आजचा सर्वांत प्रसिद्ध बाजार गूलोउ, म्हणजे ढोल-मनोऱ्याच्या परिसरात भरतो. मिंग काळात उभारलेला मूळ मनोरा नष्ट झाला असून आजची वास्तू पुनर्बांधणी आहे. अशा मनोऱ्यांवरचा ढोल एकेकाळी शहराला वेळ सांगत असे आणि रात्रीच्या बंदीची सूचनाही देत असे. शीस नावाच्या चौकातही मोठा रात्रबाजार असून तेथे स्थानिक लोकांचा वावर तुलनेने अधिक आढळतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास गाड्या लागू लागतात, आठ ते दहा ही गर्दीची वेळ असते, आणि उन्हाळ्यात बाजार मध्यरात्रीनंतरही चालतो. प्रत्येक गाडीवर एक किंवा फार तर दोन-तीन पदार्थ मिळतात, कारण चार-पाच फूट लांबीच्या जागेत एकाच पदार्थाची पूर्ण तयारी मांडता येते, आणि तोच पदार्थ रोज शेकडो वेळा केल्याने हाताला वेग आणि अचूकपणा येतो. रस्त्यावरच्या अन्नाची गुणवत्ता या एकाग्रतेतून आलेली असते.

गव्हाच्या प्रदेशातील पदार्थ

चीन म्हणजे भात ही समजूत हनानमध्ये टिकत नाही. हा प्रांत चीनमधील सर्वाधिक गहू पिकवणारा असून येथील रात्रबाजाराचा पाया कणीक आहे. त्यातील मानाचा पदार्थ म्हणजे ग्वानथांग बाओझ, म्हणजे आत रस्सा असलेला वाफवलेला बाओझ. कणकेची पातळ पारी करून तिच्यात डुकराच्या मांसाचे सारण ठेवतात, कडेने बारीक चुण्या घालून तोंड बंद करतात आणि बांबूच्या करंडीत वाफवतात. आत द्रव कसा जातो, या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. मांस, हाडे आणि कातडी दीर्घकाळ उकळल्यावर त्यांतील कोलॅजेन या प्रथिनाचे जिलेटिनमध्ये रूपांतर होते, आणि असा रस्सा थंड झाल्यावर थिजतो. थिजलेला रस्सा सारणात मिसळला, किंवा सारण एकाच दिशेने घोटत त्यात थोडा थोडा रस्सा जिरवला, की ते घट्टच दिसते, पण वाफ लागताच जिलेटिन वितळून पारीच्या आत रस्सा मोकळा होतो. पीठ आंबवलेले असेल तर ते हा रस्सा शोषून घेते, म्हणून काइफेंगमध्ये त्यासाठी न आंबवलेली, भरपूर तिंबलेली कणीक वापरतात. खाण्याचीही एक रीत आहे. बाओझ अलगद उचलून चमच्यावर घ्यायचा, कडेला लहानसे छिद्र पाडून वाफ जाऊ द्यायची, आधी रस्सा प्यायचा आणि मग उरलेला भाग खायचा. घाईने चावा घेतल्यास तोंड भाजते.

दुसरा महत्त्वाचा प्रवाह हुई समाजाचा. हुई हे चिनी भाषा बोलणारे मुस्लिम असून त्यांच्या पूर्वजांत मध्य आणि पश्चिम आशियातून व्यापार, सैन्यसेवा किंवा प्रशासन यांच्या निमित्ताने आलेले लोक होते. काइफेंगमध्ये त्यांच्या जुन्या मशिदी आहेत, आणि शहराच्या रात्रबाजारातील मेंढीच्या मांसाचे व गोमांसाचे बहुतेक पदार्थ त्यांच्या हातचे असतात. यांगरोउ खांगमो या पदार्थात पातळ लाटलेल्या दोन पोळ्यांमध्ये मेंढीच्या मांसाचे बारीक तुकडे, चरबी, कांद्याची पात आणि जिरे पसरून तव्यावर दोन्ही बाजूंनी कुरकुरीत होईपर्यंत भाजतात. चरबी वितळून पोळीत मुरते आणि वरून वेगळे तेल फारसे लागत नाही. शेजारीच निखाऱ्यांवर सळयांना लावलेले मांस भाजले जात असते आणि त्यावर जिरे व लाल तिखट यांची पूड उडवली जाते. जिरे मध्य आशियाच्या मार्गाने चीनमध्ये पोहोचले आणि आजही तेथे मुख्यतः वायव्येकडील शिनजियांगमध्ये पिकते. मेंढीच्या मांसाची आवड मात्र केवळ मुस्लिमांची मानता येणार नाही, कारण सोंग राजदरबारातही तेच सर्वांत प्रतिष्ठित मांस होते आणि डुकराचे मांस सामान्यांचे समजले जाई.

शाकाहारी वाचकाला जवळचा वाटेल असा पदार्थ म्हणजे छाओ ल्यांगफेन. मूग किंवा रताळे यांपासून काढलेले स्टार्च पाण्यात शिजवून थंड केले की त्याची अर्धपारदर्शक वडी जमते. कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवणाऱ्या घरांना या क्रियेची कल्पना सहज येईल. या वडीचे तुकडे मोठ्या सपाट कढईत तेल, आले, लसूण, कांद्याची पात आणि आंबवलेल्या सोयाबीनची लगदी घालून परततात. चांगल्या छाओ ल्यांगफेनची खूण म्हणजे बाहेर आलेली खरपूस खापरी आणि आत टिकलेला लुसलुशीतपणा. त्यासाठी मंद आच आणि सतत उलथणे आवश्यक असल्याने कढईभोवती तुकडे रचून ठेवून विक्रेता तयार भाग गिऱ्हाइकाला देतो व नवा भाग मध्यभागी ओढतो.

गोड पदार्थांत शिंगरेन छा प्रसिद्ध आहे. नावात चहा असला तरी त्यात चहाची पाने नसतात. जर्दाळूच्या बियांतील गर आणि पीठ यांच्या मिश्रणावर मोठ्या तांब्याच्या किटलीतून उकळते पाणी जोराने ओततात, त्यामुळे स्टार्च क्षणात फुगून गुळगुळीत खीर तयार होते, आणि वर शेंगदाणे, तीळ, बेदाणे व गुलाबाच्या पाकळ्या घालतात. पाण्याचे तापमान येथे निर्णायक ठरते, कारण ते उकळते नसेल तर पिठाच्या गुठळ्या राहतात. जर्दाळूच्या कडू बियांत शरीरात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असल्याने त्या भिजवून व उकळून कडवटपणा काढण्याची परंपरा या पदार्थामागे आहे, हेही नमूद करणे योग्य ठरते.

प्राचीनतेचा दावा आणि समुद्रापलीकडची पिके

काइफेंगच्या बाजारात अनेक पदार्थ सोंग राजवाड्यातून आलेले म्हणून विकले जातात. जिज्ञासू प्रवाशाने हा दावा वनस्पतींच्या इतिहासाशी ताडून पाहावा. ह्वाशेंग गाओ ही माल्टोज, म्हणजे मोड आलेल्या धान्यापासून मिळणारी साखर, आणि शेंगदाणे यांच्या अनेक पापुद्र्यांची खुसखुशीत वडी सोंग दरबाराची म्हणून सांगितली जाते. पण भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा असून तो सोळाव्या शतकाच्या आसपास, म्हणजे सोंग राजधानी पडल्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी चीनमध्ये आला. परतलेल्या रताळ्याचा गोड लगदा हाही येथील नावाजलेला पदार्थ, आणि रताळेही त्याच खंडातून त्याच शतकात आले. लाल मिरचीची चीनमधील सर्वांत जुनी लेखी नोंद 1591 मधील आहे. युरोपीय जहाजांनी आणलेल्या या पिकांपैकी मिरची पोर्तुगीजांमार्फत गोव्यात उतरून महाराष्ट्राच्या मसाल्यातही शिरली, त्यामुळे दोन्ही प्रदेशांच्या तिखटाचे वय साधारण सारखेच आहे.

मिरचीपूर्वी चिनी स्वयंपाकातील तिखटपणा आले, मिरी आणि ह्वाज्याओ या फळांच्या टरफलांतून येत असे. ह्वाज्याओची चव जिभेला झिणझिण्या आणणारी असते. तिच्यातील सान्शूल या गटातील द्रव्ये स्पर्शाच्या मज्जातंतूंना चेतवतात, आणि प्रयोगांत ही संवेदना सेकंदाला सुमारे पन्नास कंपनांसारखी मोजली गेली आहे. कोकण व गोव्यात बांगड्याच्या आमटीत घातले जाणारे तिरफळ याच झॅन्थोझायलम प्रजातीतील असल्याने मराठी माणसाला ही चव पूर्णपणे परकी वाटत नाही. अशा रीतीने पाहिल्यास काइफेंगच्या एका रस्त्यावर सोंग काळाशी नाते सांगणारा बाओझ, मध्य आशियातील जिरे आणि अमेरिकेतील शेंगदाणे शेजारी शेजारी आढळतात. यामुळे बाजाराचे महत्त्व कमी होत नाही. उलट परंपरा बाहेरून आलेल्या वस्तू स्वीकारत टिकून राहते, याचा तो पुरावा ठरतो.

प्रवाशाने बाजार कसा पाहावा

पहिली फेरी काहीही न खाता पूर्ण करावी, कारण त्यातून कोणत्या गाडीवर स्थानिक कुटुंबे थांबतात, कोठे पदार्थ समोर तयार होतो आणि कोठे आधीच तळून ठेवलेला आहे, हे कळते. अन्नाच्या सुरक्षिततेचा संबंध गाडीच्या चकचकीतपणापेक्षा तापमान आणि खप यांच्याशी अधिक असतो. सुमारे पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू वेगाने वाढतात, म्हणून उकळत्या रश्शातून, तव्यावरून किंवा करंडीतून थेट हातात येणारा पदार्थ उघड्यावर कोमट झालेल्या पदार्थापेक्षा सुरक्षित असतो, आणि ज्या गाडीवर माल लवकर संपतो तेथे तो साचून राहत नाही. चीनमध्ये नळाचे पाणी थेट पिण्याची पद्धत नाही, त्यामुळे बाटलीबंद किंवा उकळलेले पाणीच घ्यावे. 2009 च्या अन्नसुरक्षा कायद्याने छोट्या फेरीवाल्यांचे सविस्तर नियमन प्रांतांकडे सोपवले असल्याने परवान्याचे स्वरूप प्रांतागणिक बदलते.

दर बहुधा पाटीवर लिहिलेले असतात आणि खाद्यपदार्थांसाठी घासाघीस करण्याची रीत नाही, तसेच बक्षिसी देण्याचीही प्रथा नाही. वजनावर विकल्या जाणाऱ्या मालाचा दर बहुधा जिन या एककात असतो. एक जिन म्हणजे पाचशे ग्रॅम, आणि हे न कळल्यास किलोचा दर समजून गफलत होते. पैसे जवळजवळ सर्वत्र मोबाइलवरून क्यूआर कोडद्वारे दिले जातात. 2023 पासून अलीपे आणि वीचॅट या दोन्ही सेवांना परदेशी बँककार्ड जोडणे सुलभ झाले असले, तरी ही जोडणी प्रवासापूर्वीच करून घ्यावी आणि थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी.

शाकाहारी प्रवाशाला अधिक दक्षता घ्यावी लागते. भाजीच्या पदार्थात डुकराची चरबी, सुकवलेली कोळंबी, कालवांचा सॉस किंवा मांसाचा रस्सा असणे सामान्य आहे, आणि विक्रेत्याच्या दृष्टीने मांसाचे तुकडे नसलेला पदार्थ भाजीचाच असतो. ‘वो छ सू’, म्हणजे आपण शाकाहारी आहोत, हे वाक्य उपयोगी पडते, कारण ‘सू’ या संकल्पनेमागे बौद्ध मठांची परंपरा आहे. या परंपरेत मांस-माशांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असल्याने जैन प्रवाशालाही तिचा आधार मिळू शकतो. तरीही चरबी आणि रस्सा नको, हे चिनी लिपीत लिहून दाखवणे अधिक खात्रीचे. डुकराचे मांस टाळणाऱ्यांनी ‘छिंगझेन’ ही हुई विक्रेत्यांच्या गाडीवरची पाटी शोधावी. ती इस्लामी आहारनियम पाळले जात असल्याची खूण आहे. शेंगदाणे व तीळ यांचा वापर सर्रास होत असल्याने त्यांची अॅलर्जी असलेल्यांनी विशेष जपावे.

विंचू, तारामासा अशा सळयांवर लावलेल्या जिवांच्या छायाचित्रांमुळे चिनी रात्रबाजाराविषयी जगभर एक विकृत कल्पना पसरली आहे. तिचा मोठा स्रोत म्हणजे बीजिंगमधील दोंगह्वामेन रात्रबाजार. 1984 मध्ये सुरू झालेला आणि जून 2016 मध्ये बंद झालेला हा बाजार त्याच्या उत्तरकाळात प्रामुख्याने पर्यटकांवर चाले, आणि तेथील विंचू बीजिंगच्या रोजच्या आहाराचा भाग नव्हते. याचा अर्थ चीनमध्ये कीटक खाल्लेच जात नाहीत असा नाही. ईशान्येकडे रेशीमकिड्याचे कोश आणि शांदोंग-हनान भागात उन्हाळ्यात सिकाडा या कीटकाची तळलेली पिल्ले आवडीने खातात. स्थानिक माणसे खरोखर जे खातात आणि पाहुण्याला थक्क करण्यासाठी जे मांडले जाते, यांतील भेद ओळखणे ही अभ्यासू प्रवाशाची पहिली कसोटी होय.

बाजार कोणासाठी

विसाव्या शतकाच्या मध्यावर खासगी व्यापाराचे समाजवादी रूपांतर झाल्यानंतर रस्त्यावरचा विक्रेता जवळजवळ नाहीसा झाला होता. 1978 नंतरच्या आर्थिक सुधारणांनी छोट्या स्वतंत्र व्यावसायिकाला मान्यता दिली आणि रात्रबाजार पुन्हा उभे राहिले. तेव्हापासून त्यांच्या वाट्याला दोन परस्परविरोधी धोरणे आलेली आहेत. शहर स्वच्छ व सुबक दिसावे म्हणून नगरव्यवस्थापनाचे कर्मचारी फेरीवाल्यांना हटवतात, आणि रोजगाराची चणचण भासू लागली की त्यांनाच जागा दिली जाते. मे 2020 मध्ये, कोविडच्या साथीनंतर, तत्कालीन पंतप्रधान ली खछ्यांग यांनी पश्चिम चीनमधील एका शहराने 36,000 फिरत्या गाड्यांना परवानगी देऊन एक लाख लोकांना काम मिळवून दिल्याचे उदाहरण जाहीरपणे दिले होते.

त्यानंतरच्या वर्षांत समाजमाध्यमांनी या बाजारांना अनपेक्षित प्रसिद्धी दिली. शांदोंगमधील त्सबो हे औद्योगिक शहर 2023 च्या वसंतात केवळ तेथील शेगडीवर भाजलेल्या मांसामुळे देशभरातील तरुणांचे आकर्षण ठरले. काइफेंगच्या बाबतीत झेंगझोऊ या शेजारच्या शहरातील चार विद्यार्थिनी 2024 च्या उन्हाळ्यात ग्वानथांग बाओझ खाण्यासाठी रात्री सुमारे पन्नास किलोमीटर सायकल चालवत आल्या, आणि त्याचे अनुकरण होत होत नोव्हेंबरमध्ये हजारो विद्यार्थ्यांनी दोन शहरांना जोडणारा महामार्ग व्यापून टाकला. अखेर प्रशासनाला निर्बंध घालावे लागले. मोठ्या खर्चाविना, रात्रीच्या वेळी, समवयस्कांच्या सोबतीने काही खायला जाण्याची ही ओढ तरुण पिढीत किती तीव्र आहे, ते या घटनेतून दिसले.

प्रसिद्धीबरोबर एकसुरीपणाचा धोकाही आला आहे. जेथे पर्यटकांमुळे जागेचे भाडे वाढते, तेथे वेळखाऊ पदार्थ करणारा विक्रेता टिकत नाही, आणि कारखान्यातून गोठवून आलेले माकूल, सॉसेज व तळलेले दोउफू (सोयाबीनचे पनीर) देशातील प्रत्येक बाजारात सारख्याच वेष्टनात दिसू लागतात. रश्शाचे सारण घोटणे, स्टार्चची वडी जमवणे, माल्टोजचे पापुद्रे ओढणे ही कौशल्ये गिऱ्हाईक असेपर्यंतच जिवंत राहतात. म्हणून प्रवाशाने कोणत्या गाडीसमोर थांबायचे, हा प्रश्न केवळ रुचीचा उरत नाही. त्या शहरातील लोक कामावरून सुटल्यावर जेथे स्वतःच्या पैशाने जेवतात, जेथे पदार्थ समोर आणि हाताने घडतो, अशा विक्रेत्याला दिलेले दहा-पंधरा युआन त्या कौशल्याला आणखी एका पिढीपर्यंत पोहोचण्याचे बळ देतात. आणि रात्रबाजार पर्यटकांसाठी मांडलेला देखावा न बनता शहराच्या रोजच्या जीवनाचा भाग राहणे अखेर याच बळावर अवलंबून आहे.